चार बोटांचं अंतर



दिवसभराची कामं आटोपली, गुरांना चारा-पाणी झालं, जेवणं उरकली, की गावोगाव पारावर बैठक जमते. कुणी तंबाखू मळतो, कुणी नुसताच पाय पसरून बसतो, आणि मग कुठून तरी विषय निघतो. विषयाला आमंत्रण लागत नाही. साप दूध पितो की नाही? पायाळू माणसावर वीज पडते का? केळी हे झाड की गवत? खालच्या आळीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे खरं की सुनेचा आळस? एक नाना एका बाजूनं बोलतात, एक जिभाऊ दुसऱ्या बाजूनं. आवाज चढतो, मध्येच हशा होतो, आणि वाद तसाच लोंबकळत ठेवून मंडळी घरी जातात. उद्या पुन्हा तोच वाद.

शहरातली शिकलेली माणसं याला रिकामटेकडेपणा म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या गावात वाद होतो, त्या गावातली माणसं एकमेकांशी बोलतात, आणि बोलणारी माणसं एकमेकांना अडीनडीला धरून असतात. शिवाय नांगर धरणाऱ्याला आणि चुलीशी बसणारीला जे प्रश्न पडतात, ते पोटापाण्याचेच असतात. त्यांची उत्तरं कळली तर चार पैसे वाचतात, कधी जीवही वाचतो.

फक्त वाद सोडवायचा कसा, याची रीत हवी. आपल्या जुन्या माणसांनी ती एका वाक्यात सांगून ठेवली आहे : ऐकणं आणि पाहणं यांत चार बोटांचं अंतर असतं. कानाजवळ बोटं धरून डोळ्यापर्यंत मोजून बघा, बरोबर चार बोटं भरतात. आमच्या देवपुरात, पांझरेच्या काठी, अहिराणी बोलणारी म्हातारी माणसं हेच दोन शब्दांत विचारतात, 'कोनी देखं?' कोणी पाहिलं? एवढा एक प्रश्न पारावर राहिला, की निम्मे वाद तिथंच मिटतात.

केळीचंच घ्या. रावेर, यावलकडे केळीचा वाद निघाला की दोन्ही बाजू हट्टाला पेटतात. पंधरा फूट उंच वाढतं ते गवत कसं असेल, असं एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, लाकूड नाही ते झाड कसलं? आता यात कुणाचं ऐकायचं कारणच नाही. घड उतरवल्यावर केळीचा खांब आडवा कापा आणि बघा. आत लाकूड नाही, फांदी नाही. कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकावर एक पदर दिसतील. ते पानांचेच देठ आहेत, एकमेकांना घट्ट बिलगलेले. केळीचं खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. घडाचा दांडा त्या कंदातून निघून खांबाच्या मधून वर येतो. म्हणूनच एका खांबाला एकदाच घड येतो, त्याचं काम तिथं संपतं, आणि बाजूचं पिल पुढची बाग धरतं. पिलबाग राखणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. म्हणजे केळी झाड नाही. पण गवतही नाही, कारण गवताचं कुळ वेगळं. ज्वारी, ऊस आणि बांबू हे त्या कुळातले. केळी ही एक मोठी, बिनलाकडाची वनस्पती आहे. दोघेही निम्मे बरोबर आणि निम्मे चूक निघाले, आणि हे ठरवायला विळ्याचा एक घाव पुरला.

माय-बहिणींचा पार वेगळा. तो विहिरीवर, ओट्यावर, पापड लाटताना भरतो. तिथला डाळीचा वादही असाच सोडवण्यासारखा आहे. एका विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते आणि दुसरीच्या पाण्यात तासभर उकळूनही टणक राहते, असं बाया सांगतात. पुरुष हसतात. हसू नका. एकाच डब्यातली डाळ दोन पातेल्यांत सारखी मोजून घ्या. एकात एका विहिरीचं, दुसऱ्यात दुसऱ्या विहिरीचं पाणी घाला. दोन्ही सारख्याच जाळावर ठेवा. जमलं तर तिसऱ्या पातेल्यात पावसाचं धरलेलं पाणी घ्या. ज्या पाण्यात चुन्याचे क्षार जास्त, त्यातली डाळ मागं राहील, कारण ते क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. पावसाच्या पाण्यात असे क्षार जवळजवळ नसतात. त्यातली डाळ लवकर शिजेल. म्हणजे बाया खरं सांगत होत्या, आणि सुनेवर आळसाचा ठपका उगाच बसत होता. कितीतरी घरांतली धुसफूस अशी दोन पातेल्यांत मिटण्यासारखी असते.

आता जरा महागाचा वाद. बोअर कुठं घ्यायची? तळहातावर नारळ आडवा धरून माणूस शेतात फिरतो आणि नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं पाणी आहे. कुणी लिंबाची किंवा उंबराची बेचकी धरतो. कुणी पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याला, मुद्दाम बोलावून आणतो. त्याच्या शब्दावर शेकडो फूट खोल भोक पाडलं जातं आणि लाखाच्या घरातला पैसा जमिनीत जातो. पाणी लागलं तर नारळाची कीर्ती होते. नाही लागलं तर नशीब खोटं. दोष नारळाला कधीच नाही, हे लक्षात घ्या.

याचीही परीक्षा करता येते आणि ती फुकट आहे. नारळवाल्यानं शेतात जी जागा दाखवली, तिथं एक खूण पुरून ठेवा, वरून दिसणार नाही अशी. मग त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, त्याला दोन-चार फेरे फिरवा आणि पुन्हा चालवा. पाणी जमिनीत आहे तिथंच आहे, ते काही हललेलं नाही. नारळ त्याच खुणेवर उभा राहिला पाहिजे. १९९० साली जर्मनीत कासेल या गावी असाच मोठा प्रयोग झाला होता. पाणी शोधणारे तीसजण जमले होते. जमिनीखालून पाइप टाकला होता. त्यात पाणी वाहतं आहे की बंद आहे, एवढंच त्यांनी ओळखायचं होतं. सगळ्यांना आपण ओळखू अशी खात्री होती. शेवटी हिशेब केला, तेव्हा नाणं उडवून छापा-काटा करावा तेवढीच उत्तरं बरोबर आली.

मग आपल्याकडे एका विहिरीला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवरची कोरडी राहते, त्याचं काय? त्याला कारण आहे, आणि ते धुळे-नंदुरबारच्या माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, त्याचाच आपला काळा दगड झाला. काही ठिकाणी तो रस जमिनीच्या भेगांत शिरून थिजला आणि उभ्या भिंती तयार झाल्या. आपल्या भागात अशा भिंती पुष्कळ आहेत. माळरानावर कधी कधी लांबच लांब, सरळ, काळ्या दगडांची ओळ दिसते, कुणीतरी बांध घातल्यासारखी. ती हीच. जमिनीखाली ही भिंत पाण्याला आडवी आली की एका अंगाला पाणी साठतं आणि दुसरं अंग कोरडं राहतं. कुठं भिंतीजवळचा दगड फुटलेला असेल तर त्या फटीतूनच पाणी चालतं. नारळाला यातलं काही कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात भूवैज्ञानिक असतात. भोक पाडण्याआधी त्यांना विचारा. तेही कधी चुकतील, पण का चुकलं हे ते सांगू शकतील, आणि पुढच्या वेळी त्यातून काही शिकता येईल.

पायाळूवर वीज पडते, हा समज याहून वाईट आहे. कारण मग घरातल्या पायाळू पोराला पावसात आत डांबून ठेवतात, आणि बाकीचे आपण पायाळू नाही म्हणून बिनधास्त झाडाखाली उभे राहतात. वीज पाय आधी आले की डोकं, हे बघत नाही. मोकळ्या रानात जे उंच, त्यावर ती पडण्याचा धोका जास्त, मग ते झाड असो की सपाट शेतात एकटा उभा असलेला माणूस. वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरा. आकडा कमी कमी होत चालला, तर वीज तुमच्याकडे येते आहे. झाड सोडा आणि पक्क्या घराकडे चला. हे मोजणं पोरांना शिकवा. त्यांना गंमत वाटते, आणि एखाद्या दिवशी त्याच गमतीनं जीव वाचेल.

कुणी म्हणेल, डोळ्यांनी बघता येतं तिथवर ठीक. पण जे आजोबा-पणजोबांच्या काळात घडलं, ते पाहणारा कुणी उरलाच नाही, त्याचं काय करायचं? बांधाचा वाद हा असा. 'आमच्या आजानं सांगितलं होतं, बांध त्या बाभळीपर्यंत होता.' बाभूळ कधीच तुटलेली, आजा वारलेला, आणि दोन सख्खे भाऊ तारखांना धुळ्याच्या कोर्टात समोरासमोर. अशा ठिकाणी कागद हाच डोळा. धुळ्यालाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी एका मोठ्या माणसानं देह ठेवला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. शिवरायांविषयी, पेशव्यांविषयी ज्या ऐकीव गोष्टी चालत, त्यांवर ते समाधान मानत नसत. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरची बाडं सोडवून त्यांनी जुनी पत्रं आणि दप्तरं गोळा केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं बावीस खंड छापले. पहिला खंड १८९८ सालचा. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात ते कागद जपून आहे. मोठ्या राज्याच्या इतिहासाला जी रीत लागली, तीच आपल्या अर्ध्या बिघ्याच्या बांधाला लागते. आजाचं बोलणं मनात ठेवा, पण निकालासाठी मोजणीचा नकाशा काढा, आणि मोजणीच्या दिवशी दोन्ही भावांनी बांधावर हजर राहा.

आता वादातला सगळ्यांत कठीण वाद, पाण्याचा. पाण्यावरून कुऱ्हाडी निघतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण याच पांझरेच्या काठच्या गावांनी पाण्याचा वाद तीन-चारशे वर्षं माणुसकीनं सांभाळला, हेही ठाऊक असायला हवं. ती फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस असेल तर पुढं तिथं हंगामी पीक. पाणी कमी दिसलं, तर एखादा फड त्या वर्षी बिनपाण्याचा ठेवायचा. शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे फड कोरडा राहिला की झळ सगळ्यांनाच सारखी लागायची. आपल्या हातानं पाट फोडायचा नाही. पाणी द्यायला गावानं पाटकरी नेमलेला. हिशेब आणि तंटे बघायला पंच. वर्षाकाठी पाट साफ करायला सगळ्यांनी मिळून जायचं.

तिथं भांडणं होत नसत असं कोण म्हणेल? भरपूर होत असतील. पण भांडण कशावर, ते समोर दिसत असे. पाण्याची उंची बंधाऱ्यावर दिसे. पीक फडात दिसे. पाटकरी कुणाच्या वाफ्यात किती वेळ उभा होता, हे शेजारच्याला दिसे. चोरून बोलण्याला जागा कमी आणि दाखवून बोलण्याला जास्त. पुढं विहिरी वाढल्या, मोटारी आल्या, वर धरणं झाली, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. आज ज्याच्या त्याच्या बोअरचं पाणी ज्याच्या त्याच्या जमिनीखाली, कुणालाच न दिसणारं. आता पाण्याचा वाद जास्त कडू झाला आहे, त्यामागं हेही एक कारण असावं.

एक जुनी हकीकत इथं सांगायला हवी, कारण ती आपल्याच मराठी गावांत घडली. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा. ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करून त्यावर वाद घालायचा. जिथं अडेल तो प्रश्न आकाशवाणीला लिहून पाठवायचा. त्याचं उत्तर पुढं रेडिओवरून यायचं. असे वीस कार्यक्रम झाले. मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी गावं तपासली. जिथं मंडळं होती, त्या गावांतल्या माणसांची माहिती चांगलीच वाढली होती. आणि जिथं नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतं, तिथं फारसा फरक पडला नव्हता.

मंडळी, यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. नुसतं ऐकून माणूस शहाणा होत नाही. ऐकलेल्यावर चारजणांत वाद झाला, शंका निघाली, ती विचारली गेली, तेव्हा कुठं ते ज्ञान अंगी लागतं. रेडिओवरच्या साहेबालाही 'हे आमच्या जमिनीत कसं चालेल?' असं विचारणारं गाव त्या साहेबापेक्षा मागं नव्हतं.

आज पार मोबाईलमध्ये गेला आहे. गावाचा ग्रुप असतो, भावकीचा असतो, बचत गटाच्या बायांचा असतो. त्यात वाईट काही नाही. पुण्या-सुरतेला गेलेलं पोरगं तिथून गावच्या गप्पांत येतं, कापसाचा भाव क्षणात कळतो, कुणाला रक्त लागलं तर दहाजण उभे राहतात. पण एक गोष्ट बदलली. पारावर कुणी थाप मारली, तर त्याचं तोंड दिसत होतं. हा कोण, कुणाचा, याच्या बोलण्यात रुपयातले किती आणे धरायचे, हे गावाला माहीत असे. मोबाईलवर आलेल्या मजकुराला तोंडच नसतं. तो कुणी लिहिला, कुठल्या गावचा, कोणत्या सालचा, काही कळत नाही. आणि चार बोटांचं अंतर तर पारच पुसलं जातं, कारण ऐकीव गोष्ट आता चित्र होऊन डोळ्यांपुढं येते, आणि माणसाला वाटतं, मी पाहिलं.

याची किंमत आपल्याच जिल्ह्यानं दिली आहे. पांझरा जिथून उगम पावते, त्या साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मजकूर मोबाईलवर सगळीकडे फिरत होते. त्या बाजारात पाच परके पुरुष आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं. सोलापूर जिल्ह्याकडची, पोटासाठी भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. डौर वाजवून भिक्षा मागणारे गोसावी आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या दारात पाहिले होते, त्यांच्या झोळीत सुपातलं धान्य घातलं होतं. त्या दिवशी कुणाला तरी संशय आला, आणि संशयाचा बोभाटा झाला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन इतकं मारलं की पाचही जण मेले.

त्यांनी कुणाचं मूल पळवलं नव्हतं. जमावातल्या प्रत्येकानं दुसऱ्याकडून ऐकलं होतं. 'कोनी देखं?' हा आपला रोजचा, पारावर हसत हसत विचारायचा प्रश्न, तो त्या दिवशी मोठ्यानं विचारला गेला असता आणि चारजण विचारणाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले असते, तर पाच घरांतली माणसं परत गेली असती. पुढं त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, असं बंधन जाहीर केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. मेलेले गेले, आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांचीही घरं बसली. सगळं एका न तपासलेल्या गोष्टीपायी.

कुणी म्हणेल, कुठं केळीचा वाद आणि कुठं हे. पण विचार करून बघा. साप दूध पितो, नारळ पाणी दाखवतो, पायाळूवर वीज पडते, हे वर्षानुवर्षं न विचारता मानायची जी सवय, तीच सवय परक्या माणसाकडे बघतानाही आपल्याबरोबर असते. ती सवय अशा लहान, बिनधोक वादांतच मोडता येते. पोर विळा घेऊन केळीचा खांब कापून बघतं, सून दोन पातेली चुलीवर ठेवते, तेव्हा घरात एक चाल पडते. ती चाल असलेलं घर सहजासहजी जमावात धावत जाणार नाही.

म्हणून या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी, म्हातारे आणि पोरं धरून, एवढं ठरवून टाका. अंगावर काटा आणणारी कुठलीही गोष्ट कानावर आली किंवा मोबाईलवर आली, की पुढं सांगण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. पाहिलं कोणी, त्याचं नाव सांग. कुठं आणि कधी, गाव आणि तारीख सांग. आणि हे खोटं निघालं तर मार कुणाला बसेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'एखाद्या गरिबाला' असं आलं, तर गोष्ट तिथंच थांबवायची. गावात परकं माणूस दिसलं आणि मनात शंका आली, तर त्याला पाणी द्या, बसवा, कुठला म्हणून विचारा. तरी समाधान झालं नाही तर पोलीस पाटलांना बोलवा किंवा ११२ नंबर फिरवा. लहान मुलाच्या बाबतीत काळजी वाटली तर १०९८ आहे. हात उचलायचं काम आपलं नाही. दहाजण हात उचलायला निघाले, तर मध्ये उभं राहायचं काम मात्र आपलं आहे, आणि त्यासाठी आधीपासून दोन-चार घरांनी एकमेकांना शब्द देऊन ठेवलेला बरा.

हो, आणि सापाचं राहिलंच. सापाचं मूळ खाणं म्हणजे उंदीर, बेडूक, पाखरांची अंडी असलं. दूध हे त्याचं अन्न नाही. गारुडी त्याला बरेच दिवस उपाशी-तहानलेला ठेवतो, म्हणून पुढ्यात येईल ते ओलं तो तोंडात घेतो, आणि त्यानं पुढं आजारी पडतो. नागपंचमीला नागाची पूजा जरूर करा, पण दुधाची वाटी घरातल्या लेकराला द्या. शेतातला साप उंदीर खाऊन तुमची ज्वारी राखतो, तेवढा प्रसाद त्याला पुरतो.

तुमच्या पारावर, ओट्यावर कोणता वाद अडला आहे, तो एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. दोन्ही बाजू लिहा, फक्त आपली नको. आणि कुणी करून पाहिलं असेल, तर काय दिसलं तेही लिहा. पुढच्या खेपेला पहिला मान त्या पत्रांचा. तोवर डाळीची दोन पातेली चुलीवर चढवा. पुरुष मंडळींनी जवळ बसून बघायचं, आणि ज्याचं म्हणणं खोटं निघेल त्यानं भांडी घासायची!